एका रकान्यापासून एंडलाइनपर्यंत: पोषण कार्यक्रमाची दोन वर्षं

ऑक्टोबर २०२२ मध्ये निधीसाठीचा अकरा पानी अर्ज माझ्या हातात आला. पहिली दहा पानं मी दोन दिवसांत भरली. काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं: सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांच्या वरच्या आहाराबद्दल आयांशी गटात आणि घरी जाऊन बोलायचं. अकराव्या पानावर एकच रकाना होता, ‘मूल्यमापन कसं करणार?’ तिथे मी पाच दिवस अडकले. आरोग्यशिक्षणाचं काम मी बरीच वर्षं केलंय, पण सर्वेक्षण, नमुना, आकडेवारी यांच्याशी माझा संबंध फक्त इतरांचे अहवाल वाचण्यापुरता होता. रात्री झोप लागायची नाही. आपण काहीतरी मोठं चुकीचं लिहून बसू आणि त्यावर दोन वर्षं लोकांना राबवू, अशी भीती वाटायची.

आता ते सगळं पार पडलंय. तोच रकाना तुमच्यासमोर रिकामा असेल, तर काय काय घडतं, किती वेळ जातो आणि कुठे घाई करू नये, हे कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. आधी निर्देशकांची, म्हणजे बदल झाला का हे ज्यावरून मोजायचं त्या आकड्यांची, यादी गोळा केली आणि तीन दिवसांत बेचाळीस निर्देशक जमा झाले. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी ती यादी बाजूला ठेवायला लावली आणि विचारलं, “तुमच्या वस्त्यांतलं बाळ नेमकं कशामुळे अशक्त राहतं? ते आधी काढा.” युनिसेफने १९९० मध्ये मांडलेली कारणांची चौकट त्यांनी कागदावर काढून दाखवली. सगळ्यात जवळची कारणं दोन, अपुरा आहार आणि आजारपण. त्यांच्या खालच्या पायरीवर घरातलं अन्न, बाळाची काळजी, आरोग्यसेवा आणि स्वच्छ परिसर. त्याहीखाली उत्पन्न, शिक्षण, सत्ता, धोरणं. ही चौकट मी आधी वाचली होती, पण वापरली कधीच नव्हती.

नोव्हेंबरभर आम्ही सहा वस्त्यांमध्ये बसून चौकटीतल्या प्रत्येक कारणाबद्दल विचारत गेलो. बऱ्याच घरांत अन्न होतं, पण बाळासाठी ते पातळ करून दिलं जायचं. बाळ आजारी पडलं की खाणं जवळजवळ थांबायचं. आणि बाळाला काय भरवायचं हे पुष्कळ घरांत आई ठरवतच नव्हती, आजी ठरवत होती. आमच्या अर्जात आजीचा उल्लेखही नव्हता. त्या एका महिन्याने कार्यक्रमाचा आराखडा बदलला. आजारपणातलं भरवणं हा वेगळा विषय झाला आणि गटाच्या बैठकांना आजींना बोलावणं आलं. हा महिना वाचवायचा मोह होतो, कारण त्यातून दाखवण्यासारखं काही निघत नाही. तो वाचवू नका.

डिसेंबरमध्ये निधी देणाऱ्यांशी वाटाघाटी झाल्या. त्यांच्या मसुद्यात उद्दिष्ट होतं, ‘एका वर्षात खुजेपणा निम्म्यावर आणणे’. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. खुजेपणा म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणं, आणि ती कमतरता गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत साठत जाते. आमच्याकडे वर्षसुद्धा पूर्ण नव्हतं आणि आम्ही फक्त आहाराबद्दल बोलणार होतो. असं उद्दिष्ट लिहून दिलं असतं, तर चांगलं कामही कागदावर नापास ठरलं असतं. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. शेवटी मी त्यांना एका पानावर बदलाचा मार्ग काढून पाठवला: प्रशिक्षित कार्यकर्ती, तिच्या भेटी, आई आणि आजीला मिळालेली माहिती, घरात बदललेलं भरवणं, बाळाच्या ताटातली विविधता, आणि सगळ्यात शेवटी वाढ. एका वर्षात आम्ही ‘ताटातली विविधता’ या टप्प्यापर्यंतचीच जबाबदारी घेऊ शकतो, वजन-उंची मोजू पण तिथल्या बदलाचं वचन देणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. त्यांनी मान्य केलं. ही भांडणं सुरुवातीलाच करा. शेवटी तीच गोष्ट सांगितली तर ती सबब वाटते.

मुख्य निर्देशक ठरला किमान आहारविविधतेचा. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाने आदल्या दिवसभरात आणि रात्रीत आठपैकी किमान पाच अन्नगटांतलं काही खाल्लं का? आईचं दूध, धान्य व कंदमुळं, डाळी व तेलबिया-सुकामेवा, दूध व दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्व भरपूर असलेल्या भाज्या-फळं, आणि इतर भाज्या-फळं. इथे एक धोका आहे, त्यात मी स्वतः सापडले होते. जुन्या व्याख्येत गट सात होते आणि सीमा चारची होती. २०१७ मध्ये ती बदलून आईचं दूध हा आठवा गट आला, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या २०२१ च्या पुस्तिकेत हीच नवी व्याख्या आहे. मला मिळालेली तयार प्रश्नावली जुनी होती. पूर्वचाचणीनंतर ते लक्षात आलं आणि छापलेले फॉर्म बाजूला ठेवावे लागले. कुणाचीही प्रश्नावली घेताना आधी तिचं साल बघा.

नमुना किती घ्यायचा याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. एका ओळखीच्या संख्याशास्त्रज्ञाने दोन तास बसून समजावलं, आणि तेव्हा कळलं की गणिताआधी एक निर्णय आपला असतो: किती बदल झाला तर तो आपण बदल मानू? आम्ही धरलं, ३० टक्क्यांवरून ४५ टक्के. ९५ टक्के विश्वासपातळी (नसलेला बदल योगायोगाने दिसू नये म्हणून) आणि ८० टक्के क्षमता (खरा बदल असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून कार्यक्रम असलेल्या आणि तुलनेसाठी नसलेल्या अशा प्रत्येक बाजूला १६३ बाळं लागत होती. पण एकाच वस्तीतली बाळं एकमेकांसारखी खातात, म्हणून एका वस्तीतल्या अकरा बाळांकडून अकरा वेगळ्या वस्त्यांतल्या बाळांइतकी माहिती मिळत नाही. त्यासाठी दीडपट करावी लागली. मग दहा टक्के घरं बंद मिळतील असं धरलं आणि आकडा २७२ वर गेला. २५ वस्त्या आणि प्रत्येकी ११ बाळं घेतली की २७५ होतात. तुलनेच्या बाजूलाही तेवढीच, म्हणजे एका फेरीत ५५० घरं.

तुलनेची बाजू ठेवावी का, यावर आमच्यात खरंखुरं भांडण झालं. “त्या बायांना आपण नुसतं मोजायचं आणि काही द्यायचं नाही?” हा प्रश्न आमच्याच कार्यकर्तीने विचारला आणि तो योग्य होता. तसंही एका वर्षात ५० वस्त्यांत काम करायला माणसं पुरत नव्हती. म्हणून ठरलं की सगळ्या ५० वस्त्यांत कार्यक्रम होईल, २५ मध्ये आधी आणि २५ मध्ये एका वर्षाने. कुठे आधी, हे सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि तेही बेसलाइन, म्हणजे कार्यक्रमाआधीची मोजणी, संपल्यावर, म्हणजे मोजणाऱ्यांनाही आधी कळणार नाही.

१६ जानेवारी २०२३ ला नैतिकता समितीकडे प्रस्ताव दिला. १३ फेब्रुवारीला तो नऊ शंकांसह परत आला. संमतिपत्राची भाषा अवघड आहे. आई अल्पवयीन असेल तर संमती कोणाची. माहिती कोणाच्या संगणकात राहणार. आणि सर्वेक्षणात तीव्र कुपोषित बाळ सापडलं तर तुम्ही काय करणार. शेवटचा प्रश्न वाचून मला लाज वाटली, कारण प्रस्तावात आम्ही फक्त ‘योग्य तो सल्ला देऊ’ असं लिहिलं होतं. मग जवळच्या उपचार केंद्राशी बोलून लेखी व्यवस्था केली: कोण नेणार, गाडी कुठली, खर्च कोणत्या खात्यातून, आणि आठवड्याने पाठपुरावा कोण करणार. १० मार्चला मंजुरी आली. जवळजवळ आठ आठवडे गेले. तुमच्या वेळापत्रकात हे दोन महिने आधीच धरा, आणि संमतिपत्र लिहिल्यावर ते एखाद्या आईला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे “म्हणजे?” विचारेल तिथे वाक्य बदला.

त्या वाट बघण्याच्या काळात घरयादीचं काम केलं, आणि ते आमच्या नियोजनात नव्हतंच. ५० वस्त्यांत सहा ते तेवीस महिन्यांची बाळं कुठल्या घरांत आहेत याची यादी असल्याशिवाय त्यातून अकरा निवडणार कशी? तीन आठवडे चौघीजणी दारोदार फिरल्या. हा खर्च अंदाजपत्रकात नसल्याने प्रवासाच्या रकमेतून काढावा लागला.

मार्चअखेरीस प्रशिक्षण झालं. चार पथकं, प्रत्येकात दोघीजणी, एकूण सहा दिवस. त्यातला चौथा दिवस मी कधी विसरणार नाही. दहा बाळं, आणि प्रत्येकीने प्रत्येक बाळाचं वजन, लांबी आणि दंडघेर दोनदा मोजायचा, पहिलं माप न बघता. एकाच बाळाच्या लांबीच्या एकाच मोजणारीने घेतलेल्या दोन मापांत सेंटिमीटरहून जास्त फरक निघत होता. बाळं रडत होती, आया वैतागल्या होत्या आणि आमच्या मुली हिरमुसल्या होत्या. चूक बहुतेक वेळा पायांशी व्हायची. एकीने डोकं फळीला टेकवून धरलं तरी दुसरीच्या हातून गुडघा किंचित वाकलेला राहायचा. दुसऱ्या दिवशी फक्त त्याचाच सराव केला. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवूनच मोजायचं. उभं मोजावं लागलंच तर ०.७ सेंटिमीटर मिळवायचे, कारण उभ्याचं माप तेवढं कमी येतं. काटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासायचा. सूज बघताना दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा आणि खळगा राहतो का ते पाहायचं. आणि जन्मतारीख कागदावरून घ्यायची. आई “वर्षाचा झाला” म्हणते तेव्हा बाळ अकरा महिन्यांचं असू शकतं किंवा चौदा, आणि वय चुकलं की वयाशी जोडलेलं प्रत्येक माप चुकतं.

१० ते २५ एप्रिल २०२३, बेसलाइन. एक पथक, एक दिवस, एक वस्ती. म्हणजे तेरा दिवसांचं काम, अधल्यामधल्या सुट्ट्या धरून सोळा दिवस. आहाराचा प्रश्न कसा विचारायचा हे आम्ही पूर्वचाचणीत शिकलो होतो. “काल बाळाने काय खाल्लं?” असं विचारलं की फक्त जेवणं सांगितली जातात. “काल बाळ उठल्यावर पहिलं काय दिलं? मग? तुम्ही कामाला गेल्यावर कोणी काय भरवलं?” असं दिवसाबरोबर चालत गेलं की हातात दिलेला तुकडासुद्धा आठवतो. मी रोज संध्याकाळी फॉर्म चाळायचे. तिसऱ्या संध्याकाळी एका पथकाच्या लांब्यांकडे लक्ष गेलं. बहुतेक आकडे .० किंवा .५ वर संपत होते. म्हणजे शेवटचा अंक वाचला जात नव्हता, अंदाजाने लिहिला जात होता. कुणाला रागावण्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले आणि घाईचं कारण कळलं. त्यांना दिलेल्या वस्तीत घरं फार लांब लांब होती आणि अंधारापूर्वी परतायचं होतं. त्यांना एक दिवस वाढवून दिला. ही तपासणी रोज करावी लागते; सर्वेक्षण संपल्यावर केली तर हातात काहीच उरत नाही.

सहाव्या दिवशी एका बाळाचा दंडघेर ११२ मिलिमीटर आला. ११५ च्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण. आईला वाटत होतं की बाळ नाजूकच आहे. पथकाने उरलेली घरं सोडली आणि त्याच दुपारी त्यांना उपचार केंद्रात नेलं. पुढे चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ती वस्ती तुलनेच्या बाजूला गेली. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं की तुलनेच्या वस्तीत असे उपचार झाले तर निकाल बिघडेल. मी म्हटलं, बिघडू दे. प्रस्तावात तसं लिहिलेलं होतं म्हणून मला ते ठामपणे म्हणता आलं. आठवड्याने पाठपुराव्याला मी स्वतः गेले. बाळ आईच्या मांडीवर बसून माझ्याकडे बघत होतं. दोन वर्षांतला तो एक दिवस मी कुठल्याच तक्त्यात बसवू शकलेले नाही.

मे महिन्यात चिठ्ठ्या टाकल्या. कार्यक्रम जूनमध्ये सुरू व्हायचा होता, पण नेमणुका आणि छपाई लांबल्याने जुलै उजाडला.

पुढचे नऊ महिने देखरेखीचे, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या काळाने. पहिल्या तीन महिन्यांची बैठकांची नोंदवही बघून आम्ही खूश होतो. ठरलेल्या जवळपास सगळ्या बैठका झालेल्या, उपस्थिती चांगली. मग तानाहाशी यांनी १९७८ मध्ये मांडलेली व्याप्तीची पायऱ्यांची कल्पना माझ्या वाचनात आली. सेवा उपलब्ध आहे का, तिथे पोहोचता येतं का, लोकांना ती मान्य आहे का, प्रत्यक्ष संपर्क झाला का, आणि त्या संपर्काचा उपयोग झाला का. प्रत्येक पायरीवर काही माणसं गळतात. मी नोंदवही पुन्हा उघडली आणि डोकी मोजण्याऐवजी घरयादीतल्या नावांपुढे खुणा करत गेले. त्याच त्या बाया दर वेळी येत होत्या. यादीतली बरीच नावं एकदाही आली नव्हती. त्या घरी गेल्यावर कारण दारातच मिळालं: बैठक सकाळी अकराला, आणि त्या कामावर. ज्या बाळांसाठी हे सगळं उभं केलं होतं, त्यांतल्या अनेकांपर्यंत आम्ही पोहोचतच नव्हतो आणि आमच्या मासिक अहवालात सगळं हिरवं दिसत होतं.

पाचव्या महिन्यात बैठका संध्याकाळी घेतल्या आणि न आलेल्या घरांना भेटीत प्राधान्य दिलं. कार्यकर्त्यांना ते जड गेलं, अंधार पडल्यावर परतणं कठीण होतं. म्हणून जोडीने जाणं आणि परतीची गाडी हा खर्च वाढवला. नोंदवहीत एक रकाना वाढवला, ‘यादीतली जी आली नाही ती’. मासिक अहवालात ‘किती बैठका झाल्या’ हा आकडा मी शेवटी नेला आणि ‘यादीतल्या किती घरांशी या महिन्यात बोलणं झालं’ हा पहिला आणला. तुम्ही देखरेखीसाठी एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये संस्थेतून मागणी आली की एंडलाइन, म्हणजे शेवटची मोजणी, दोन महिने पुढे ढकला, कार्यक्रम उशिरा सुरू झाला होता, थोडा अधिक वेळ मिळेल. मागणी समजण्यासारखी होती. पण ताटात काय येतं हे ऋतूवर अवलंबून असतं, आजारपणही ऋतूवर. एप्रिलची तुलना जूनशी केली असती तर फरक आमचा की हवामानाचा, हे सांगता आलं नसतं. दोन बैठकांनंतर एप्रिलच राहिला. कार्यक्रम नऊच महिने चालला, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचं ठरलं. ८ ते २४ एप्रिल २०२४, त्याच ५० वस्त्या, पण बाळं नवी, कारण आधीची बहुतेक दोन वर्षांच्या पुढे गेली होती. घरयादीही पुन्हा करावी लागली. या वेळी तिचा खर्च आधी धरला होता. दोन्ही फेऱ्या, दोन्ही घरयाद्या आणि विश्लेषण मिळून एकूण अंदाजपत्रकाचा सुमारे आठवा हिस्सा लागला. अर्जात मी त्याच्या निम्मा धरला होता.

विश्लेषणाला मे ते जुलै गेले. आधी मापांची सफाई झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांशी ताडून जी मापं शक्यच नाहीत ती बाजूला काढली आणि किती काढली ते लिहून ठेवलं. मग निकाल. आमच्या वस्त्यांत पाच गट खाणारी बाळं स्पष्टपणे वाढली होती. मी खुर्चीतून उठले, सगळ्यांना सांगितलं. तासाभराने तुलनेच्या वस्त्यांचा तक्ता आला. तिथेही वाढ होती, आमच्या वाढीच्या जवळजवळ निम्मी. म्हणजे कार्यक्रमाच्या नावावर लिहिता येईल तो फक्त दोन वाढींमधला फरक. तो उरला होता, पण लहान होता आणि त्याची अनिश्चितता मोठी होती. लुकडेपणात, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी असण्यात, सांगण्यासारखा बदल नव्हता. मला रडू आलं, हे लिहायला हरकत नाही.

तुलनेची बाजू नसती तर पूर्ण वाढ आम्ही स्वतःच्या नावावर लावली असती, आणि कुणी विचारलंही नसतं. तिकडे वाढ का झाली असावी, याची तीन कारणं आम्ही अहवालात मांडली: दोन्हीकडच्या बायांचं एकमेकींकडे जाणं-येणं, ते वर्षच एकंदर बरं गेलेलं असणं, आणि दुसऱ्यांदा त्याच वस्तीत विचारल्यावर ‘अपेक्षित’ उत्तर मिळणं. कोणत्याचा वाटा किती, हे आमच्या आराखड्यातून वेगळं करता येत नव्हतं. एक गोष्ट मात्र आशा देणारी होती. ज्या घरांशी महिन्यातून किमान एकदा बोलणं झालं होतं तिथे विविधता जास्त होती. पण अशी घरं मुळातच वेगळी असू शकतात, म्हणून ते वाक्य आम्ही ‘कार्यक्रमामुळे’ हा शब्द न वापरता लिहिलं.

९ ऑगस्टला अहवाल दिला. निधी देणाऱ्यांच्या बैठकीला जाताना मला वाटत होतं की दुसरा टप्पा गेला. त्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न बैठकांच्या वेळेबद्दल आणि न आलेल्या घरांबद्दल विचारले, आणि पाच आठवड्यांनी दुसऱ्या टप्प्याला होकार आला, निधी थोडा कमी करून.

सप्टेंबरमध्ये आम्ही निकाल वस्त्यांत घेऊन गेलो. टक्केवारी कुणाला दाखवायची नाही असं ठरवलं होतं. जमिनीवर वीस बिया मांडायच्या, बेसलाइनला वीसपैकी किती ताटांत पाच गट होते तेवढ्या बिया एका बाजूला, आणि आता किती त्या दुसऱ्या बाजूला. एका आजीने उरलेल्या बियांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “ही कुणाच्या घरची?” नावं आम्ही सांगू शकत नव्हतो, तसं वचन दिलं होतं. ती म्हणाली, “नका सांगू. आम्हाला माहीतच आहे. बैठक त्यांच्या ओट्यावर ठेवा.”

दुसऱ्या टप्प्यातल्या २५ वस्त्यांत पहिल्या बैठका तशाच ठरवल्या आहेत.